इचलकरंजीला काय पेलेल: वीज सवलत की नव्या धंद्याला अनुदान?

इचलकरंजी म्हणजे यंत्रमागाचं, विजेच्या मागावर कापड विणण्याचं शहर. यंत्रमागाला वीज सवलत जुनीच. 2024 मध्ये 27 अश्वशक्तीखालच्या मागांना युनिटमागे आणखी 1 रुपया जाहीर झाला. पैसा वाचतो मालकाच्या बिलात. पण माग धडधडला की माग दुरुस्त करणारा जॉबर, ताण्याचे धागे ओवणारा वहिफणीवाला, धाग्याच्या कांड्या भरणाऱ्या बायका, सुताला खळ लावणारा सायझिंगचा कामगार, सगळ्यांच्या चुली पेटतात. मजुरी वाढेलच, असं मात्र नाही.

दुसरीकडे 2019 चा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम: 15 ते 35 टक्के अनुदान, स्वतःचा थोडा हिस्सा, बाकी बँकेचं कर्ज. घोडं अडतं ते बँकेतच. बेकरी काढणाऱ्या तरुणाला हे बरं. पण पन्नाशीतल्या मागवाल्याला कर्ज काढून नवा धंदा मांडायला सांगणं म्हणजे थट्टाच. मी आधी सवलतच मागेन, फक्त मजुरीशी बांधलेली.