हे विकत घे, ते आणून वाच

माझा भाचा मूळचा गडहिंग्लजचा. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत लागलाय, दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. गेल्या रविवारी जेवायला आला आणि पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी रिकामी करत म्हणाला, "आत्ती, पुस्तकांसाठी पंधराशे रुपये बाजूला काढलेत. कादंबऱ्या घेऊ का उपयोगाची पुस्तकं घेऊ?" दहावीनंतर यानं पुस्तक हातात धरलेलं नाही. यशस्वी माणसं रोज वाचतात, असं मोबाइलवर कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून ही टूम.

मी त्याला २०१९ च्या पुराची गोष्ट सांगितली. शाहूपुरीत आमचं घर तळमजल्यावर. ऑगस्टात पंचगंगेचं पाणी आत आलं तेव्हा सिलिंडर, धान्याचे डबे, कागदपत्रं माळ्यावर टाकण्यात आम्ही गुंतलो आणि पुस्तकांचे खालचे दोन कप्पे राहून गेले. पाणी ओसरल्यावर बघते तर पुस्तकं फुगून कप्प्यात अशी गच्च बसलेली, की ओढलं तर पुठ्ठा हातात यायचा आणि पानं आतच राहायची. चाळीसेक पुस्तकं गेली. त्यातली पुढच्या वर्षभरात मी पुन्हा विकत घेतली फक्त चार. दोन कादंबऱ्या, दोन कामाची. बाकीच्यांची हळहळ वाटली, पण पाकिटात हात घालण्याइतकी नाही.

तेव्हापासून माझा हिशेब ठरलाय. बुडालं तर पुन्हा घ्यावंच लागेल, असं पुस्तक विकत घ्यायचं. उरलेल्यांसाठी वाचनालय आहे. भवानी मंडपाजवळचं करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासून चालू आहे. अनामत आणि वर्गणी भरली की झालं. न आवडलेलं पुस्तक दहाव्या पानावर मिटून परत करताना पैसे गेल्याचं दुःख होत नाही.

आधी बारीक कादंबरी

वाचायची सवय मोडलेल्या माणसानं पातळ पुस्तकापासून सुरुवात करावी. माझ्या डोक्यात दोन होती: व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आणि विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९).

'बनगरवाडी'त माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर शाळा चालवायला जातो. एवढंच. वाक्यं आखूड, माणसं एकेक करून ओळखीची होत जातात, आणि शेवटी दुष्काळ येतो तेव्हा ती आपल्या गल्लीतली वाटायला लागतात. सेकंड शिफ्ट करून आल्यावर दहा पानं वाचून झोपलं तरी दुसऱ्या दिवशी धागा सापडतो.

'रणांगण'चं तसं नाही. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, त्यांच्यातली हॅर्टा आणि आपला चक्रधर. दुसरं महायुद्ध पेटलं त्याच वर्षी हे छापून आलं, हे ध्यानात ठेवून वाचलं की अंगावर काटा येतो. हे तुकड्यातुकड्यानं वाचायचं पुस्तक नव्हे, एका बैठकीत संपवायचं. मी पहिल्यांदा एका वाचनालयातून आणलं तर शेवटची पानंच गायब. काउंटरवर सांगितलं तर उत्तर आलं, "आधीच्या कुणीतरी फाडली असतील." आठ दिवस जीव टांगणीला लागला, मग विकतच घेतलं. पुरानंतर पुन्हा घेतलेल्या चारांतलं हे एक.

भाच्याला सांगितलं, बनगरवाडी वाचनालयातून आण. रणांगणला सुट्टीचा अख्खा दिवस लागेल, तो मिळेल तेव्हा बघू.

जाडजूड दोन

'मृत्युंजय'चं नाव त्यानंच काढलं. शिवाजी सावंत आजऱ्याचे, म्हणजे याच्या गावाशेजारचे, हे कळल्यावर तर तो तेच घ्यायला उठला होता. मी खाली बसवला आणि शेजारी 'ययाति' ठेवली.

दोन्हींचा साचा बराच जवळचा. महाभारतातली माणसं आपापली बाजू स्वतःच्या तोंडानं सांगतात. १९६७ च्या 'मृत्युंजय'मध्ये अशी सहा तोंडं आहेत: कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्ण. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) तीन: ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. फरक आहे तो वाचणाऱ्याच्या जागेत. कर्णाच्या बाजूला आपण पहिल्या काही पानांतच जाऊन बसतो आणि शेवटपर्यंत तिथून हलत नाही. त्यामुळे सातशेच्या वर पानं असूनही मृत्युंजय ओढत नेतं. ययाति मात्र आपल्या हावरटपणाची इतक्या गोड भाषेत कारणं सांगतो, की मध्येच आपल्याला स्वतःचीच शंका यायला लागते. खांडेकर शिरोड्याची मास्तरकी सोडून कोल्हापुरात आले ते सिनेमासाठी लिहायला, आणि इथलेच होऊन गेले. याच कादंबरीमुळे मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं, १९७४ चं.

भाषा दोघांचीही नटलेली. मला ती आता थोडी जड जाते. विशीत मीच वहीत वाक्यं उतरवून घेत होते. पंचविशीच्या पोरानं मृत्युंजय वाचावं, ययाति लग्नानंतर पाच-सात वर्षांनी. दोन्ही आणून. घरात ठेवलं तर जाड पुस्तक 'निवांत वाचू' म्हणत कपाटातच राहतं. परत द्यायची तारीख असली की मुकाट्यानं वाचून होतं.

आपल्या बोलीतली

आता खरी अडचण. आनंद यादव कागलचे. त्यांची 'झोंबी' (१९८७) जास्त लोकांना ठाऊक आहे. शिकायचं म्हणून बापाशी, शेणामातीशी, उपासमारीशी झोंबणारा आन्दा, पु. ल. देशपांड्यांची प्रस्तावना, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार. सगळं रास्तच. पण ती एका पुस्तकात संपत नाही. पुढे 'नांगरणी', 'घरभिंती', 'काचवेल' अशी मालिका आहे. एकदा लागलात की चार महिने गेले. शिवाय सलग वाचली तर छातीवर ओझं घेऊन फिरल्यासारखं होतं.

'गोतावळा' (१९७१) तिच्या मानानं लहान, आणि माझ्या मते यादवांचं सगळ्यांत नेमकं पुस्तक. नारबा हा मळ्यावरचा गडी. त्याला घरदार नाही; बैल, म्हशी, कुत्रं, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. मग मालक ट्रॅक्टर आणतो आणि जनावरं एकेक करून दावणीवरनं कमी होत जातात. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नारबाच बोलतो, कागलकडच्या बोलीत. माझी पुण्याची मैत्रीण दर पानाला अडखळत होती. आपल्याकडच्या माणसाला ते मोठ्यानं वाचलं तरच कळतं, कारण ते कानाचं पुस्तक आहे. सासऱ्यांची नजर गेल्यावर मी त्यांना रोज संध्याकाळी वाचून दाखवायची. जनावरं जायला लागली की ते, "बास कर आज," म्हणून काठी टेकत सोप्यात जाऊन बसायचे. दुसऱ्या दिवशी मात्र तिथूनच पुढे हवं असायचं.

हे सांगताना भाचा पहिल्यांदा गप्प झाला. त्याच्या फाउंड्रीत गेल्या वर्षी साचे पाडणारं नवं ऑटोमॅटिक मोल्डिंग मशीन आलं, आणि मोल्डिंगवरच्या चार जुन्या माणसांना फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या मालाच्या कडा घासायला टाकलं. त्यातले एक मामा अजूनही चहाच्या सुट्टीत जुन्या जागेवर येऊन उभे राहतात, म्हणाला. आणि कागलला, जिथल्या मळ्यात नारबा राबला, तिथं आज पंचतारांकित एमआयडीसी आहे.

गोतावळा विकत घे. झोंबी आण, पण पावसाळ्यात नको.

कामाची म्हणतात ती

त्याला हवं होतं 'ॲटॉमिक हॅबिट्स'. जेम्स क्लिअर यांचं, २०१८ चं, मराठीतही मिळतं. मी वाचनालयातून आणून वाचलं. चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. चांगली सवय लावायची तर ती डोळ्यांसमोर ठेवा, हवीशी करा, सोपी करा, लगेच समाधान मिळेल असं बघा, हे चार नियम आणि त्यांची उदाहरणं. दोन मिनिटांत होईल एवढ्यापासूनच सुरुवात करा, हा त्यातला सगळ्यांत कामाचा सल्ला. त्यावर माझं पहाटेचं फिरणं सुरू झालं. रोज एक टक्का सुधारलात तर वर्षात सदतीस पट व्हाल, हे गणितही बरोबर आहे, १.०१ चा ३६५ वा घात करून बघा. फक्त माणूस चक्रवाढ व्याजानं वाढत नाही. रोज एक टक्का जास्त वाकायला गेले तर माझी कंबर दिवाळीच्या आत जाईल.

पण नियम एकदा समजले की पुस्तकाचं काम संपलं. वहीच्या एका पानावर मावतं सगळं. पुराच्या वेळी असतं, तर पुन्हा घेतलं नसतं.

त्याच्या शेजारी ठेवा डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' (२०००). विषय तोच, सवयी बदलायच्या कशा. पण इथं सांगणारा गडचिरोलीत लोकांच्या आरोग्यासाठी झिजलेला डॉक्टर आहे, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानं तोच आडवा झालाय. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारा माणूस इथं आधी स्वतःची खरडपट्टी काढतो. आहार, व्यायाम, ताण, ध्यान, सगळं स्वतःवर करून बघितलेलं. नवऱ्याचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला तेव्हा मी आहाराची पानं काढली. माझी झोप उडाली तेव्हा ध्यानाची. दरवेळी वेगळीच पानं उघडतात, म्हणून ते पुन्हा घेतलं. अर्थात पुस्तक २००० चं आहे, गोळ्याबिळ्यांचं डॉक्टरलाच विचारायचं.

"मला कशाला हृदयरोग, आत्ती?" बरोबर आहे. तू आत्ता आण, चाळिशीत घे. नाहीतर बापासाठी घे.

'रिच डॅड पुअर डॅड'ही त्याच्या यादीत होतं. खिशात पैसे आणून टाकते ती मालमत्ता, खिशातून काढते ती देणेदारी, ही त्यातली खूणगाठ बांधण्याजोगी गोष्ट. बाकी घरांची खरेदी आणि कर सगळे अमेरिकेतले. पीएफचं काय करू, गावाकडच्या सोसायटीचं कर्ज कसं फेडू, याला तिथं उत्तर नाही. आण, दोन दिवसांत होतं.

उरली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा', स्वयंपाकाची, १९७० ची. हे त्याच्या यादीत नव्हतंच. "आत्ती, यूट्यूब आहे की." आहे की. पण हात पिठात आणि स्क्रीन काळी, मग कोपरानं टॅप करत बस. व्हिडिओवाली बाई आधी पाच मिनिटं बोलते, आणि मीठ सांगते ते 'चवीप्रमाणे'. ओगल्यांनी मापं वाटी-चमच्यात दिली, त्यामुळे वजनकाटा नसलेल्या घरातही ते पुस्तक चालतं, आणि बॅचलरच्या खोलीत तर नसतोच. तांबडा-पांढऱ्यासाठी मी ते उघडत नाही, तो आईच्या हाताखाली उभं राहूनच येतो. पण उसळ, आमटी, उपमा, पोळी यासाठी तेच. माझी पहिली प्रत आईची होती. पुरणपोळीच्या पानाला तुपाचा पारदर्शक डाग आणि कडेला पेन्सिलीनं 'गूळ थोडा कमी'. ती पुरात गेली. नव्या प्रतीत मी तेच लिहून ठेवलंय, पण अक्षर माझं आहे.

बुधवारी तो दुकानात जाऊन आला. रुचिरा आणि गोतावळा घेतली, उरलेल्यातून वाचनालयाची अनामत भरली, पहिलं पुस्तक बनगरवाडी. हृदयरोगावर हात ठेवला होता म्हणे, पण दुकानदारानं वय विचारलं आणि लाजून परत ठेवलं.

काल रात्री साडेनऊला फोन. मागे कुकरची शिट्टी, मित्रांचा गोंधळ.

"आत्ती, यात दोन वाट्या म्हटलंय. वाटी म्हणजे कुठली? आमच्याकडं तीन हायत, तिन्ही वेगळ्या."

"कुठलीही घे. पण पुढचं सगळं तिनंच मोजायचं."

"आन् ती चहाची असली तर?"

"धुऊन घे."