वायर रॅपिंगचं पहिलं किट: पक्कडी चांगल्या, तार मात्र बदला

नवशिक्यांसाठीचं हे किट घेतलं आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूवर काम करून मगच लिहितेय. वायर रॅपिंगमध्ये, म्हणजे तार वळवून दागिने करण्यात, डाग देऊन धातू सांधणं नाही, भट्टी नाही, डिंकही नाही. दागिना उभा राहतो तो फक्त तारेच्या वेढ्यांवर. म्हणून माझ्या लेखी तारेचा दर्जा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमकं तिथेच हे किट कमी पडतं.

आधी हत्यारं, कारण ती खरंच छान आहेत. गोल टोकाच्या पक्कडीचे जबडे निमुळते होत जातात. टोकाशी तार धरली तर कडी लहान, मुळाशी धरली तर मोठी. कानातल्यांच्या दोन्ही कड्या सारख्या याव्यात म्हणून मी जबड्यावर मार्करने रेघ ओढून ठेवलीय आणि तार दर वेळी त्या रेघेवरच धरते. दुसरी, चपटी पक्कड आतून गुळगुळीत आहे. घरातल्या साध्या पक्कडीला दाते असतात, त्यांचे वळ तारेवर कायमचे उमटतात. कटरही धारदार. त्याची सपाट बाजू दागिन्याकडे ठेवून कापलं की टोक बोचत नाही. मात्र किटमध्ये ब्रेसलेटसाठी मेमरी वायर, म्हणजे आपला गोल आकार न सोडणारी तारही दिलीय. ती कडक पोलादाची असते, या कटरने कापली तर धारेला खाच पडेल. ही सूचना पुस्तिकेत कुठेच नाही!

आता तार. २०, २४ आणि २८ गेज अशी तीन रिळं आहेत आणि ही निवड अचूक आहे. आकडा वाढेल तशी तार बारीक: २० म्हणजे साधारण ०.८ मिमी, २४ म्हणजे ०.५, २८ म्हणजे ०.३. जाड तारेची चौकट, बारीक तारेचे वेढे, मधली मण्यांसाठी. पण तिन्ही सोनेरी मुलाम्याच्या, आणि मुलामा इतका पातळ की पक्कड जराशी सरकली तरी आतलं तांबं दिसायला लागतं. २० गेजची तार तर वाकवून सोडली की पुन्हा मागे येते, वेढा घट्ट बसतच नाही. शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात चुकतोय. चुकत नसतो, तार कडक असते.

सरावासाठी मुलामा नसलेली, नरम तांब्याची तार घ्या. ती हाताचं ऐकते. वाकवत गेलं की तांबं आपोआप कडक होतं, म्हणून तयार कडी आकार धरून राहते. पण एकाच जागी वाकवून सरळ करत बसलात तर तिथेच तुटेल. अशा वेळी नवा तुकडा घेणंच बरं.

पुस्तिकेत पहिल्याच पानावर झाडाच्या आकाराचं पेंडंट आहे. देखणं आहे, पण पहिल्या दिवशी ते नकोच. आधी एका मण्याची वेढ्यांची कडी शिका. २४ गेजच्या तारेत मणी ओवा, वर दोन-तीन वेढ्यांपुरती जागा सोडून तार काटकोनात वळवा, गोल पक्कडीवर कडी करा, उरलेलं टोक त्या मोकळ्या जागेत गुंडाळा, कापा आणि चपट्या पक्कडीने दाबून बसवा. कानातली, माळा, ब्रेसलेट, सगळीकडे हीच कडी लागते, आणि पुस्तिकेने ती दोन धूसर फोटोंत उरकलीय याचं मला वाईट वाटतं. किटमधले गुळगुळीत, भोक नसलेले खडेही तूर्त बाजूला ठेवा, ते वेढ्यांतून निसटतात.

कानातल्यांच्या हुकांवर धातू कोणता ते छापलेलं नाही. निकेलने अनेकांच्या कानाला खाज येते, पुरळ उठतं, त्यामुळे हे हुक मी वापरत नाही आणि कुणाला देणारही नाही.

हत्यारांसाठी हे किट घ्यायला माझी हरकत नाही. भेट देणार असाल तर सोबत तांब्याच्या २४ गेज तारेचं एक रीळ आणि निकेल नसलेले हुक नक्की ठेवा.