औषधांचा इलेक्ट्रॉनिक डबा: गुहागरच्या घरातले आठ महिने

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी आई एकटी राहते आणि मी नोकरीनिमित्त रत्नागिरीत असते. तिच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या आणि अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या वेळेवर घेतल्या जातात की नाही, यावरून रोज संध्याकाळी फोनवर होणारा वाद मिटावा, एवढ्याच हेतूने फेब्रुवारीत साडेसहा हजार रुपये मोजून हा डबा मागवला.

डबा अठ्ठावीस कप्प्यांचा आहे. आठवड्याचे सात दिवस आणि दिवसाच्या चार वेळा. वेळ झाली की त्या कप्प्याचा दिवा लुकलुकतो, मग पिपाणी वाजते, आणि झाकण उघडताच ती वेळ आतल्या सिमकार्डावरून माझ्या मोबाइलवर येते. अर्ध्या तासात झाकण उघडले नाही, तर ‘गोळी चुकली’ असा संदेश येतो.

माजघरात रेंज नसल्यामुळे डबा ओटीवरच्या कोनाड्यात आणावा लागला. रेंज नसताना नोंदी डब्यात साठून राहतात आणि नंतर एकदम येतात, हे चांगलेच आहे. पण नोंद पोहोचली नाही आणि गोळी घेतली नाही, या दोन गोष्टींतला फरक अ‍ॅपला मुळीच कळत नाही. जूनमधल्या वादळी पावसात टॉवर दोन दिवस बंद होता, तेव्हा मला ओळीने ‘गोळी चुकली’ असे संदेश आले आणि मी शेजारच्या काकूंना भर पावसात आईकडे धाडले. आईने सगळ्या गोळ्या घेतल्या होत्या. कंपनीला फोन केल्यावर ‘रेंजचा प्रश्न आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

मूळ मर्यादा मात्र या जातीच्या सगळ्याच साधनांची आहे. उघडझाप नोंदवणारी झाकणे औषधांच्या संशोधनात कित्येक वर्षे वापरात आहेत, पण त्यांनाही दिसते ते झाकणच, गिळलेली गोळी नव्हे. आपल्याकडच्या क्षयरोग कार्यक्रमात वापरल्या गेलेल्या ‘९९डॉट्स’मध्ये गोळ्या काढल्यावर पाकिटातला लपलेला फोन क्रमांक दिसतो आणि रुग्णाने त्यावर मोफत फोन करायचा असतो; तिथेही गोळी बाहेर निघाली एवढेच सिद्ध होते. अमेरिकेत २०१७ साली गोळीतच संवेदक बसवलेल्या ‘अ‍ॅबिलिफाय मायसाइट’ला मान्यता मिळाली, जठरातल्या रसाशी संपर्क आला की तो संवेदक अंगावरच्या पट्टीला खूण पाठवतो. आईच्या पोटापर्यंत पाळत नेण्याची माझी तरी तयारी नाही.

एवढे असूनही पैसे वसूल झाले, ते एप्रिलमध्ये. रात्रीचा कप्पा ठरावीक दिवशीच न उघडलेला दिसत होता. मी तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयाशी ताडून पाहिल्या, तर त्या दोन्ही एकादश्या निघाल्या. विचारल्यावर आई शांतपणे म्हणाली, “अगो, गोळी जेवणानंतरची ना? जेवलेच नाही, तर नंतर कसली?” मधुमेहाच्या गोळीबरोबर त्याच कप्प्यातली रक्तदाबाची गोळीही राहत होती. डॉक्टरांना दाखवल्यावर त्यांनी रक्तदाबाची गोळी उपासालाही घ्यायला सांगितली आणि मधुमेहाची गोळी फराळाबरोबर. इतकी वर्षे मी तिला विसराळू समजत होते. ती विसरत नव्हती, नियम पाळत होती.

कोकणात हा डबा घेणाऱ्याने दमटपणाचा विचार आधी करावा. दुपारच्या रिकाम्या कप्प्यात जादा म्हणून ठेवलेल्या अ‍ॅस्पिरिनच्या दोन गोळ्या मे महिन्यापासून तशाच राहिल्या होत्या. जुलैत तो कप्पा उघडला, तर व्हिनेगरसारखा आंबट वास आला. अ‍ॅस्पिरिन ओलाव्याने फुटते आणि तेच आम्ल सुटते, म्हणून तिची जागा पट्टीतच. काही औषधे मूळ वेष्टनाबाहेर काढूच नयेत असे असते, तेव्हा डबा भरण्याआधी औषधवाल्याला विचारलेले बरे. पट्टीचे तुकडे कापून ठेवावेत, तर कप्पे इतके उथळ की झाकण बसत नाही, हा बनावटीचा सरळ दोष आहे.

आता दर रविवारी जयगड-तवसाळ फेरीबोटीने येऊन मी बाकीच्या गोळ्या आठवड्यापुरत्या भरते. अ‍ॅस्पिरिनची पट्टी शेजारी घट्ट झाकणाच्या बरणीत असते, आणि तिची आठवण राहावी म्हणून आईने तिच्या कप्प्यांत एकेक लवंग ठेवली आहे. अ‍ॅपच्या हिशेबी ती लवंगही रोज वेळेवर घेतली जाते.