बदाम-काजू न घालता पॅलिओ पॅनकेक: आठ महिने दर रविवारी करून

आधीच सांगते, मी काही हेल्दी-बिल्दी खाणारी बाई नाही. नवऱ्याने दिवाळीनंतर पॅलिओ डाएट धरलं, म्हणजे धान्य बंद, डाळी बंद, दूध बंद, साखर बंद, थोडक्यात आमच्या घरात जे जे शिजतं ते सगळंच बंद. आणि लेकीला काजू-पिस्त्याची ॲलर्जी. तीन वर्षांची असताना एका लग्नात काजूकतलीचा एवढासा तुकडा खाल्ला आणि बघता बघता ओठ टम्म फुगले, तेव्हापासून मी घरात सुकामेवाच आणत नाही. शेंगदाणे तिला चालतात, पण ते पडले शेंगेतले, म्हणजे कडधान्याच्या घरातले, म्हणून पॅलिओत बाद. आणि पॅलिओ पॅनकेकची कुठलीही रेसिपी उघडा, पहिलीच ओळ बदामाचं पीठ. बसा आता.

पहिला प्रयोग नुसतं केळं आणि अंडी, सगळे करतात तो. उलटताना फाटतं आणि खाताना गोड ऑम्लेट लागतं, लेकीने एक घास खाऊन ताट सरकवलं, विषय संपला.

मग नारळाचं पीठ. इथे मी मोठा गाढवपणा केला, बदामाच्या पिठाच्या जागी तेवढंच नारळाचं घातलं. एक कप. ते पीठ पाणी पितं म्हणजे किती पितं! पाच मिनिटांत भांड्यात ओला भुसा, त्यात दूध घाला, परत भुसा. साधारण पाव कपाच्या वर जायचंच नाही आणि अंडी सढळ हाताने, हे नंतर कळलं. आणि डेसिकेटेड कोकोनट मिक्सरला फिरवलं की नारळाचं पीठ होतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्याला तेल सुटून गोळा होतो. सोलकढीसाठी दूध काढल्यावर जो चोथा उरतो ना, तो घट्ट पिळून, ताटात पसरून कडक वाळवायचा आणि मग दळायचा, ते खरं पीठ. मी आता तेच करते, विकतचं बंद केलं, त्याचं कारण खाली येईलच.

मधे सूर्यफुलाच्या बिया दळून पाहिल्या. बदामाच्या पिठासारखंच पोत येतं, मापही तेच चालतं, चव खमंग, मी भलतीच खूश. दोन पॅनकेक दुपारसाठी ठेवले आणि चार वाजता मोडून बघते तर आत शेवाळासारखे हिरवेगार! बुरशी समजून फेकून दिले. नंतर कळलं की त्या बियांत क्लोरोजेनिक ॲसिड असतं, सोड्याशी गाठ पडली की हिरवं होतं, खायला काही त्रास नाही. लिंबू वाढवलं, सोडा कमी केला की बराच कमी होतो रंग. पण लेकीने तोवर बेडूक पॅनकेक असं नाव पाडलं होतं आणि शाळेच्या डब्यात बेडूक न्यायला ती काही तयार होईना.

शेवटी जमलं ते शिंगाड्याच्या पिठाने. नुसतं शिंगाड्याचं केलं तर आत चिकट राहतं, नुसतं नारळाचं केलं तर भुगा होतो, दोन्ही मिळून मात्र छान. माझं माप असं: तीन अंडी, दोन पिकलेली वेलची केळी (साल काळी पडायला लागलेली, पिवळीधमक नको), अर्धा कप शिंगाडा पीठ, दोन मोठे चमचे नारळाचं पीठ, चिमूटभर मीठ, पाव छोटा चमचा सोडा, एक चमचा लिंबाचा रस, आणि लागेल तसं नारळाचं दूध. बेकिंग पावडर नाही घेत कारण त्यात बहुतेक वेळा मक्याचं स्टार्च असतं, नवरा पाकीट वाचून दाखवतो. सोडा आणि लिंबू सोडून बाकी सगळं कालवून दहा मिनिटं ठेवायचं, नारळाचं पीठ फुगू द्यायचं, मग ते दोन्ही घालून लगेच तव्यावर.

आता तवा. बिडाचा, आणि गॅस बारीक, खरंच बारीक, कारण केळ्याची साखर पटकन जळते, वरून काळं आणि आत कच्चं होतं. आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढेच घालायचे, मोठा घातलात तर उलटताना मोडणारच, गव्हासारखा चिवटपणा त्यात नाही, सगळं अंड्याच्या जिवावर. मैद्याच्या पॅनकेकला वर बुडबुडे फुटतात तसे इथे फारसे येत नाहीत, त्यांची वाट बघत बसलात की जळालं. कडेची चकाकी गेली की उलटायचा. मी झाकण ठेवते, घावनाला ठेवतो तसं.

सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर उपवासाची धिरडी!" मग त्यांनी मला अंडं फोडताना बघितलं. त्यावर त्या जे बोलल्या ते इथे नको.

न्यू जर्सीतली नणंद मात्र घाबरली, तिकडे शिंगाड्याच्या पिठाच्या पाकिटावर वॉटर चेस्टनट लिहिलेलं असतं. अहो, ते पाण्यातल्या वेलीचं फळ, बदाम-अक्रोडाशी काही नातं नाही. नारळाचं तिने विचारलं ते बरोबर होतं, अमेरिकेत लेबलसाठी नारळ ट्री नटमध्ये (म्हणजे काजू-बदाम-अक्रोडाच्या गटात) धरायचे, 2025 च्या जानेवारीत एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, त्या यादीतून काढला. तरी मी लेकीच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं, काही मुलांना नारळाचाही त्रास होतो.

आणि ते विकतच्या पिठाचं. एकदा सुक्यामेव्याच्या दुकानातून सुटं नारळाचं पीठ आणलं, पॅनकेक खाऊन लेकीच्या गळ्यावर गांध्या उठल्या. काजूच्या डब्यातली पळीच त्या पिठात, मी दुसऱ्या दिवशी जाऊन स्वतः बघितलं. पाकीटबंद मालावर शेंगदाणे, ट्री नट असतील तर लिहावंच लागतं, सुट्या मालाला कोण विचारतो. पिठाच्या गिरणीचंही तेच, म्हणून शिंगाडाही पाकीटबंदच घेते, नवरात्राच्या आसपास, तेव्हा माल फिरता असतो आणि ताजा मिळतो.

डब्याला देणार असाल तर गरम असतानाच दोन्ही बाजूंनी तूप लावा (तूप पॅलिओत चालतं का यावर आमच्याकडे दोन भांडणं झालीत, मी लावते), नाहीतर मधल्या सुट्टीपर्यंत चामड्यासारखे होतात. फ्रीजरमध्ये मधे बटर पेपर घालून आठवडाभर राहतात, तव्यावर परत गरम करायचे, मायक्रोवेव्हला रबर होतं. वर मध, थंडीत स्ट्रॉबेरी कुस्करून.

नवऱ्याचं पॅलिओ आंब्याच्या सीझनमध्ये आमरस-पुरीपुढे आडवं झालं. पॅनकेक मात्र लेकीमुळे चालू आहेत. नारळाचं पीठ जास्त केलंत तर फ्रीजमध्येच ठेवा, माझं अर्धा किलो मे महिन्यात ओट्यावर खवट झालं.