अमेरिकेत विमान शिकायचंय: पार्ट ६१ की पार्ट १४१?

डॅलसला एच-वन-बीवर नोकरी करणारा भाचा विचारतो, "मामा, नाव कुठे घालू?" पार्ट ६१ आणि पार्ट १४१ म्हणजे एफएएच्या, अर्थात अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमांतले शिकण्याचे दोन मार्ग. परवाना दोन्हीकडे एकच, एफएएचा प्रायव्हेट पायलट, म्हणजे हौशी उड्डाणाचा. परदेशी नागरिकाला टीएसएची (तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याची) मंजुरी आणि बोटांचे ठसेही कुठेच चुकत नाहीत.

वेळेचं म्हणशील तर पार्ट १४१मध्ये ठरीव अभ्यासक्रम, उड्डाणाचे किमान ३५ तास. पार्ट ६१मध्ये किमान ४०, पण शनिवार-रविवार शिकता येतं. जाहिरातीतल्या त्या ५ तासांच्या बचतीवर जाऊ नकोस. बहुतेकांचे ४०च्या बरेच वर जातात.

पैशाचा खरा मालक हॉब्स मीटर, म्हणजे विमानातलं तास मोजणारं यंत्र; त्यावरच भाडं लागतं. इंजिन सुरू झालं की तो पळतो, मग तू टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटेवर, रांगेत चौथ्या नंबरला का उभा असेनास. म्हणून कमी गर्दीचा छोटा विमानतळ बघ. आणि खाडे नकोत. मी तीन आठवडे गेलो नाही, तर लँडिंग नव्याने घोटावं लागलं, अर्थात मीटर चालू ठेवून.

नोकरी सांभाळून हौस भागवायची असेल तर पार्ट ६१. नोकरी सोडून वैमानिकच व्हायचं, तर १४१. तिथे कमर्शियल परवान्याला (पगार घेऊन विमान उडवण्याच्या) १९० तास, ६१मध्ये २५०. मात्र भारतात परतून डीजीसीएचा, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाचा, कमर्शियल परवाना हवा असेल, तर २०० भरावेच लागतात.