कापडी पॅडचा संच: वस्तू चांगली, पाकिटावरचा दावा मोठा

धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या कापडी पॅडचा, खास शाळकरी मुलींसाठी म्हणून विकला जाणारा एक संच आम्ही गेल्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी मागवला आणि सातवी ते नववीच्या मुलींना वाटला. या संचामुळे मुली शाळेत टिकतात, अशा अर्थाचे एक वाक्य त्याच्या पाकिटावर ठळक अक्षरांत छापलेले आहे. वर्ष संपले तेव्हा वर्गशिक्षिका म्हणून माझ्या हाती दोन साधने होती, मुलींनी सांगितलेले अनुभव आणि हजेरीपट. दोन्ही वेगवेगळे बोलत असल्याने परीक्षणही दोन भागांत करावे लागत आहे.

वस्तू म्हणून संचाबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. वरचे कापड मऊ आहे, आतील थर पुरेसे शोषून घेतात, खालच्या थरातून ओल झिरपत नाही आणि शिवण वर्षभराच्या धुण्यानंतरही बहुतेक पॅडची उसवलेली नाही. टिचबटणे मात्र हलकी आहेत; काही मुलींची बटणे सैल झाली आणि पॅड सरकू लागल्यावर त्यांनी सेफ्टी पिनेचा आधार घेतला; अशी वेळ कोणत्याही उत्पादकाने ग्राहकावर आणू नये. गडद रंगामुळे डाग दिसत नाहीत, हे पाकिटावर गुण म्हणून सांगितले आहे, परंतु डाग दिसत नसेल तर तो निघाला की नाही हेही कळत नाही. ओली वस्तू घरी नेण्यासाठी दिलेली अस्तराची पिशवी ही संचातील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट म्हणावी लागेल.

खरी अडचण सूचनापत्रकातील एका ओळीत आहे. पॅड थंड पाण्यात धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे, असे तेथे लिहिले आहे. धुण्याला पाणी आणि आडोसा लागतो. वाळवायला तर त्याहून अवघड गोष्ट लागते, ती म्हणजे घरातील सर्वांच्या नजरेसमोर दोरीवर पॅड टाकण्याची मोकळीक. आमच्या बहुतेक मुलींनी पॅड टॉवेलखाली किंवा कपाटामागे वाळवले, आणि थर एकत्र शिवलेले असल्याने ते तेथे दोन दोन दिवस दमट राहिले. अर्धवट ओला पॅड वापरल्याने खाज सुटल्याचे सांगणाऱ्या मुलीही होत्या. घडी उलगडून वाळवता येईल अशी शिवण केली, तर हा दोष बराचसा जाईल. शाळेत पॅड बदलण्याचे तर नावच नको, कारण आमच्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या एका दाराला वर्षातील निम्मा काळ कडी नव्हती. हा दोष उत्पादकाचा नाही, आमचा आहे. पण कडी नसलेल्या दाराआड कोणताही पॅड सारखाच निरुपयोगी ठरतो.

आता पाकिटावरच्या वाक्याकडे वळते. हजेरीपट उघडून पाहिला तेव्हा पाळीमुळे बुडणारे दिवस मुळातच थोडे होते आणि संच आल्यानंतर त्यांत लक्षणीय घट झाली नाही. मला याचे नवल वाटले, पण वाटायला नको होते. एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्नटन या अर्थतज्ज्ञांनी नेपाळमधील चितवन येथे मुलींना मासिक पाळीचे कप, म्हणजे पॅडऐवजी शरीरात बसवायचे आणि धुऊन पुन्हा वापरायचे छोटे पेले, देऊन केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यात पाळीमुळे बुडणारी शाळा १८० दिवसांच्या वर्षात सरासरी अर्ध्या दिवसाहूनही कमी निघाली, आणि कप दिल्याने हजेरी वाढल्याचे दिसले नाही. मुलींनी कप वापरले, त्यांचा धुण्याचा वेळही वाचला. शाळेच्या दिवसांत मात्र फरक पडला नाही.

याचा अर्थ संच देणे व्यर्थ होते असा कोणी काढू नये. पूर्वी त्या दिवसांत मागच्या बाकावर अंग चोरून बसणाऱ्या मुली आता फळ्यापर्यंत येतात, आणि मधल्या सुट्टीत घरी जाण्याची परवानगी मागणाऱ्या चिठ्ठ्या जवळजवळ थांबल्या आहेत. हजेरीपटात यासाठी रकाना नाही. मुलीला निर्धास्त बसता यावे, एवढे कारण संच देण्यासाठी पुरेसे आहे. त्याला मुलींची शाळेतील गळती रोखण्याचे ओझे लावण्याची गरज नव्हती.

वर्षभरात ज्या तीन मुलींची नावे पटावरून कमी झाली, त्या तिघींकडेही हा संच होता. एकीला पुढच्या वर्गासाठी दूरच्या शाळेत जावे लागणार होते, दुसरीवर धाकट्या भावंडाला सांभाळण्याची वेळ आली, तिसरीचे लग्न ठरले. या कारणांवर उपाय नाहीत असे नाही, फक्त ते पाकिटात मावत नाहीत. बिहारने २००६ पासून नववीतील मुलींना सायकलसाठी पैसे दिले, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात आढळले, आणि शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत ही वाढ विशेष होती. अफगाणिस्तानच्या घोर प्रांतात तर मुलींना शाळेकडे नेण्याऐवजी शाळाच गावात आणली गेली, आणि गावातील मुलींपैकी शंभरामागे ५२ अधिक मुली शिकू लागल्या. बांगलादेशाने १९९४ पासून ग्रामीण भागातील माध्यमिक शाळांतील मुलींना जी विद्यावृत्ती दिली, तिच्या तीन अटी मला फार नेमक्या वाटतात: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि मुलगी अविवाहित असणे. तिसऱ्या अटीमुळे लग्न लांबवण्यासाठी पालकांच्या हाती पैशाच्या भाषेतले एक उत्तर आले. नातेवाइकांपुढे तत्त्वाच्या गोष्टींपेक्षा असे उत्तर सहज टिकते, हे पालकसभांना बसलेल्या कोणालाही पटेल.

तेव्हा शाळांसाठी हा संच घ्यावा का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र काही अटींवर. मागणी नोंदवण्यापूर्वी स्वच्छतागृहाची कडी, बादली आणि नळ तपासावा. संच वाटताना मुलींच्या आयांनाही बोलवावे, कारण वाळवण्याची दोरी त्यांच्या ताब्यात असते. एका मुलीला एकच संच पुरत नाही, दोन लागतात. वस्तूला पाचांपैकी चार गुण देते, सूचनापत्रकाला दोन आणि पाकिटावरच्या वाक्याला शून्य. आम्ही यंदा पुन्हा मागणी नोंदवली आहे, पण निधीचा काही भाग राखून ठेवला आहे. सलग तीन दिवस गैरहजर राहिलेल्या मुलीच्या घरी चौथ्या दिवशी शिक्षिकेने जायचे ठरले असून, त्या जाण्यायेण्याचा खर्च त्यातून होईल.