तारेचा क्रेट की प्लास्टिकचा: नाशिकच्या एका फ्लॅटमधून

कुत्र्याला क्रेटची, म्हणजे आत झोपण्यासाठीच्या दाराच्या पिंजऱ्याची, सवय लावावी की लावू नये, हा वाद येथे उकरून काढण्याचा हेतू नाही. ज्यांचे ते ठरलेले आहे आणि घडीचा तारेचा क्रेट घ्यावा की विमानाने कुत्रे पाठवताना वापरतात तसा प्लास्टिकचा, एवढाच प्रश्न ज्यांच्यापुढे उरला आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. इंदिरानगरमधल्या आमच्या घरात दोन्ही प्रकार वापरून झाले आहेत. आधी लॅब्रॅडॉरच्या पिल्लासाठी प्लास्टिकचा आला, पुढे इमारतीखालच्या देशी कुत्रीचे एक पिल्लू वर आणले तेव्हा तारेचा. माझे मत या दोन जिवांच्या स्वभावावर बेतलेले आहे, तेव्हा ते तेवढ्याच वजनाने घ्यावे.

प्लास्टिकच्या क्रेटची बाजू दुबळी मुळीच नाही. बुजऱ्या पिल्लाला सवय लावताना त्याचा वरचा अर्धा भाग काढून ठेवता येतो, त्यामुळे सुरुवातीला ते पिल्लाला नुसते अंथरूण वाटते आणि छप्पर व दार काही दिवसांनी, त्याच्या नकळत, येते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याच्या भिंतींनी फटाक्यांचा आवाज फारसा अडत नाही, पण लखलखाट दिसत नाही आणि भित्र्या कुत्र्याला तेवढ्यानेही धीर येतो. मुंबईला मोटारीने जाताना कसारा घाटाच्या वळणांवर आमचा लॅब्रॅडॉर त्यात निवांत झोपत असे. विमानाच्या मालकक्षातून कुत्रे पाठवायचे असेल तर प्रश्नच मिटतो, कारण तेथे कडक भिंतींचाच क्रेट लागतो आणि घडीचा तारेचा सहसा चालत नाही.

मात्र ज्यांचा क्रेट वर्षातले बहुतेक दिवस हॉलच्या कोपऱ्यातच राहणार आहे, त्यांनी नाशिकच्या हवेचा विचार आधी करावा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून शरीर थंड ठेवते आणि त्यासाठी भोवतालची हवा खेळती असावी लागते. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा छताच्या पंख्याचा वारा प्लास्टिकच्या बाजूच्या झरोक्यांतून आत किती पोहोचतो, हे मी मोजलेले नाही. दुपारी लॅब्रॅडॉर आपणहून क्रेट सोडून बाथरूमच्या दाराशी फरशीवर पसरत असे, एवढे मात्र पाहिले आहे. याच्या उलट, निफाडकडून कडाक्याच्या थंडीच्या बातम्या येऊ लागल्या की तारेच्या क्रेटमध्ये फरशीलगतचा गारवा झोंबतो. त्यावर तिन्ही बाजूंनी जुनी गोधडी टाकली की ऊबही मिळते आणि आडोसाही. गोधडी फाल्गुनात काढून ठेवता येते. प्लास्टिकची भिंत काढता येत नाही.

तरीही तारेच्या बाजूचा माझा कौल हवेमुळे ठरला नाही. तो ठरला तो प्लास्टिकच्या दोन अर्ध्या भागांमधल्या खाचेमुळे.

पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्यात एक मिळवावा, साधारण तितके तास ते लघवी रोखू शकते, असा ठोकताळा सांगितला जातो. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाचे फार तर तीन तास. रात्रीचा गजर लावला तरी एखाद्या वेळी उशीर होतोच आणि मग आत शू झालेली असते. आमच्या क्रेटचा खालचा व वरचा भाग कडेच्या नटबोल्टांनी जोडलेला होता आणि पिल्लाने कोपऱ्याला टेकून सोडलेली धार नेमकी त्या जोडात मुरत असे. वरवर पुसून तो वास जात नाही. तो घालवायचा तर अंथरूण बाहेर काढा, सगळे बोल्ट सैल करा, दोन्ही भाग बाथरूममध्ये धुवा, वाळवा आणि पुन्हा जोडा, आणि हे सारे पिल्लू पायात घुटमळत असताना. फिनाइलने आपल्या नाकाचे समाधान होते, कुत्र्याच्या नाही. शिवाय पिल्लू पंजे चाटते, म्हणून ते क्रेटमध्ये वापरूही नये. एन्झाइमचे क्लीनर गुणकारी आहे, पण ते डागापर्यंत पोहोचून काही वेळ ओले राहावे लागते आणि खाचेत नेमके तेच साधत नाही. ही केवळ किळसेची गोष्ट नव्हे. कुत्रे आपली झोपण्याची जागा सहसा घाण करत नाही, या एका प्रवृत्तीवर क्रेटमधले शी-शूचे शिक्षण उभे असते. त्याच जागेला मुताचा वास चिकटून राहिला की पिल्लू तिलाच मुतारी समजू लागते आणि सगळी मेहनत उलटी फिरते. तारेच्या क्रेटच्या तळाचा ट्रे ओढायचा, नळाखाली धरायचा आणि परत सरकवायचा, की काम झाले. सर्वच प्लास्टिकचे क्रेट असे नसतील. काहींना बोल्टांऐवजी खटके असतात आणि ते उघडायला सोपे जातात. खाच मात्र त्यांनाही असतेच.

मापाचा मुद्दाही तारेच्याच बाजूने झुकतो. लॅब्रॅडॉरला पुढे 42 इंची क्रेट लागतो. तो पहिल्याच दिवशी पूर्ण मोकळा दिला तर पिल्लू एका टोकाला झोपते आणि दुसऱ्या टोकाला उरकते. बहुतेक तारेच्या क्रेटबरोबर मधली जाळी येते, ती पिल्लाच्या वाढीबरोबर मागे सरकवता येते. त्याला उभे राहून वळता यावे आणि पाय ताणून झोपता यावे, एवढी जागा मात्र प्रत्येक टप्प्यावर हवी. पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील कलम 11 नुसार क्रूरतेत मोडते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांनी आठ-नऊ तासांसाठी दोहोंपैकी कोणताच क्रेट गृहीत धरू नये. तेथे एखादी खोली किंवा जाळीचे मोकळे कुंपणच बरे. दार लावल्यावर कुत्रे लाळ गाळत सळ्या चावू लागले, तर तो एकटेपणाच्या भीतीचा प्रश्न असू शकतो आणि तो व्हेटकडे न्यावा; क्रेट बदलून तो सुटत नाही.

तारेचा क्रेटही निर्दोष नाही. कूस बदलली की ट्रे फरशीवर खडखडतो. आम्ही खाली सतरंजी घातली, तेव्हा खालच्या मजल्याची झोप वाचली. गळपट्टा सळईत अडकू शकतो, म्हणून आत सोडण्यापूर्वी तो काढावाच लागतो. मुलामा उडाला तेथे पावसाळ्यात गंज धरतो. हे सारे मला चालण्यासारखे वाटते. घेताना ट्रे कोणत्या बाजूने बाहेर निघतो, एवढे मात्र दुकानातच ओढून पाहावे, कारण तो भिंतीच्या बाजूने निघत असेल तर रात्री अख्खा क्रेट कुत्र्यासकट सरकवण्याची वेळ येते.